अर्धी मूठ चुना

सौंदडच्या झामसिंग पटल्यांना पाण्यातलं कळतं, हे त्यांनी स्वतःच गावाला इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी गावानंही ते मान्य करून टाकलं. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला बोडी होती, म्हणजे धानाला पाणी पुरावं म्हणून आजोबांनी बांध घालून केलेलं छोटं तळं. त्या बोडीत झामसिंग तीस वर्षं रोहू आणि कतला पाळत आले होते. पाणी ओंजळीत घ्यायचं, हुंगायचं, जिभेला लावायचं आणि निकाल द्यायचा, "पानी आंबटलं." मग चुन्याचं पोतं बांधावर आणायचं आणि धानाचा आवत्या, म्हणजे पेरणीचं बी, फेकावा तसा मुठीमुठीनं चुना फेकत बोडीला फेरी मारायची. दोन दिवसांत मासा वर येऊन खेळायला लागे. या कामात त्यांचा हात धरणारा आसपासच्या चार गावांत कोणी नव्हता. उगाच फुशारकी नव्हती ती.

अशा माणसाच्या घरात, समोरच्याच खोलीत, चारशे लिटरची काचेची टाकी होती आणि तिच्याबाबतीत त्यांना कोणी विचारत नव्हतं. हे त्यांचं दुखणं होतं.

टाकी मुलानं, इंद्रकुमारनं आणलेली. तो हैदराबादेत कॉम्प्युटरच्या नोकरीत. मधे काही काळ कंपनीनं घरूनच काम करायची मुभा दिली, तेव्हा हा पठ्ठ्या सौंदडला आला आणि त्यानं समोरच्या खोलीत समुद्र उभा केला. खारं पाणी, निळे दिवे, पाणी थंड ठेवणारं यंत्र, दोन नारिंगी मासे. आणि नागपूरच्या योगराज नावाच्या जाणकाराकडून आणलेला जिवंत पोवळ्याचा एक तुकडा, करंगळीच्या पेराएवढा. समुद्रातून ओरबाडलेला नव्हे; परदेशातून रीतसर कागदपत्रांवर आलेल्या, टाक्यांमध्येच वाढवलेल्या पोवळ्याचा. देताना योगराजनं एक अट घातली होती. माझ्याकडचं मूळ कधी गेलं, तर हे मला परत द्यायचं. इंद्रकुमारनं शब्द दिला होता.

मग कंपनीनं पोराला परत बोलावलं. बॅग भरता भरता तो आईला म्हणाला, "बंद करून टाकतो आता. रोजचं काम आहे याचं. तुला नाही जमायचं."

सुमित्राबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कोन सांगते नाही जमत म्हनून? दाखव एकडाव."

एकडाव कसलं, चार दिवस दाखवलं. पोवळं दगडासारखं दिसतं, पण ती बारीक बारीक जिवांची वस्ती असते. हे जीव पाण्यातला चुना घेऊन आपली घरं बांधतात. त्यासाठी पाण्यात दोन गोष्टी लागतात, एक कॅल्शियम आणि दुसरी क्षारता. दोन्ही रोज खर्च होतात, दोन्ही रोज भरून काढाव्या लागतात. कमी पडलं की बांधकाम थांबतं. एकाएकी वाढलं की फांद्यांची टोकं जळतात. आणि दोन्ही औषधं एकदम ओतली, तर ती पाण्यातच एकमेकांना धरून पांढरा गाळ होऊन बसतात, पोवळ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून पहिली बाटली सकाळी आणि दुसरी संध्याकाळी.

"म्हंजे जावाजावांसारखंच आहे," सुमित्राबाई म्हणाल्या. "एका चुलीपाशी दोघींले उभं नाही करायचं."

इंद्रकुमार हसला, पण त्याला कळलं की आईला कळलं.

त्या दिवसापासून तीन वर्षं सुमित्राबाईंनी चहाच्या आधी टाकी तपासली. काचेच्या बारक्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात मोजून थेंब सोडायचे. पाणी निळ्याचं गुलाबी झालं की थांबायचं. जितके थेंब तितकी क्षारता, शेवटच्या थेंबाचा अंश सिरिंजवरच्या रेघांवरून वाचायचा. आकडा आठाच्या आसपास राहिला पाहिजे. तो आकडा त्या दुधाच्या कॅलेंडरवर, एकादशी आणि गॅसच्या नंबराशेजारी लिहीत. आठ. आठ. सात पूर्णांक नऊ. आठ पूर्णांक एक. बाईनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, पण दर पंधरवड्याला निळ्या ड्रममध्ये शंभर लिटर समुद्र तयार करून ठेवत होती.

आणि पोवळं वाढलं. करंगळीच्या पेराचं पानकोबीच्या गड्ड्याएवढं झालं. जांभळ्या फांद्या, टोकाला फिकट निळी कळी. गाव बघायला यायचं. शेजारचे टेकचंद मुलीच्या मंगळासाठी अंगठीत बसवायला तुकडा मागून गेले. सुमित्राबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "भाऊजी, हे जितं आहे. बोटात घालून जगन का?" पाहुण्यांना टाकी दाखवायचं काम मात्र झामसिंग करत. "आमची टाकी," म्हणत आणि पुढे जे काही सांगत त्यातलं निम्मं चुकीचं असे. सुमित्राबाई आत पोळ्या लाटत ऐकत आणि काही बोलत नसत.

दिवाळीच्या आधी योगराजचा फोन आला. पावसाळ्यात त्याच्याकडे वीज गेली, जनरेटरनंही दगा दिला आणि त्याच्या टाकीतलं होतं नव्हतं ते मेलं. त्या पोवळ्याच्या वंशाचं आता एकच झाड उरलं होतं, सौंदडला, पटल्यांच्या समोरच्या खोलीत.

"काकू, शब्दाप्रमाणे मी येतो. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी," तो म्हणाला. "बघतो आणि ठरवतो. खरं सांगू का, घरगुती टाकीचा भरवसा नसतो. तुमचं पाणी स्थिर दिसलं तर मी एक फांदी नेईन आणि बाकीचं तुमच्याकडेच राहू देईन. नाहीतर पूर्ण घेऊन जाईन."

सुमित्राबाईंनी फोन ठेवला आणि टाकीची काच पुसली. सकाळीच पुसलेली होती, तरी पुसली.

"नेलन त्यानं तं काय करशीन?" झामसिंगांनी विचारलं.

"पोरानं शब्द दिला आहे. नेईन तो तं नेईन." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पन मी काही त्याले तसं वाटू देत नाही."

आवाज साधाच होता. झामसिंगांना मात्र पहिल्यांदाच वाटलं की ही वस्तू हिच्याकडून गेली, तर घरात काहीतरी कायमचं कमी होईल. आपण यात काही केलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. ज्या गावची मंडई असेल तिथल्या लेकीबाळींनी, पाहुण्यारावळ्यांनी जायचंच असतं. न गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. सुमित्राबाईंच्या भावाचं गाव बोदलकसाजवळ आणि तिथली मंडई नेमकी त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी आली. एका रात्रीचा प्रश्न होता. त्यांनी जाताना नवऱ्याला बाटली दाखवली, माप दाखवलं.

"उद्या सकारी याच्यातलं चाळीस मिली. बस. संध्याकाळचं मी येऊन पायतो. तपासू नका, कशाले हात लावू नका."

"मी का लहान पोरगा आहो?" झामसिंग म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चाळीस मिली मोजून टाकलं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट लिहायची गरज पडली नसती. पण खोलीत ते एकटे होते आणि टेबलावर चाचणीची पेटी होती. त्यांनी नळी भरली, टाकीसमोर धरली आणि थेंब सोडायला लागले. सुमित्राबाई नळी घेऊन दारात उजेडाला जात. झामसिंगांनी ती टाकीच्या निळ्या दिव्याखालीच धरली. निळ्या उजेडात सहाव्या थेंबालाच पाणी गुलाबी वाटलं.

सहा! आठ पाहिजे आणि सहा! काल बाई गेली आणि एका रात्रीत दोननं उतरलं. परवा नागपूरवाला येणार, आकडा बघणार आणि गड्डा उचलून नेणार.

त्यांनी फोन लावला. मंडईच्या गावात सकाळपासून भोंगे सुरू असतात. तिकडे कोणाला ऐकू जाणार! दोनदा, तीनदा लावला. मग ते विचार करायला लागले, आणि तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस विचार करायला लागला की त्याला अडवणारं कोणी नसतं. बाटलीत काय आहे? पोरगाच म्हणाला होता, ही चुन्याची निवळी समजा. म्हणजे चुनाच. एवढ्याशा बाटलीनं परवापर्यंत काय भरून निघणार? बोडीला एवढं पोतं लागतं, तर या डबक्याला अर्धी मूठ पुरे.

गोठ्याजवळ मृगातलं पोतं पडून होतं. झामसिंगांनी अर्धी मूठ चुना आणला, स्टुलावर चढले, टाकीचं झाकण सरकवलं आणि मनगटाला तोच बोडीवरचा झटका देऊन चुना पाण्यावर फेकला. हात सुरेख फिरला होता. एक कणही बाहेर सांडला नाही.

पाच मिनिटांत टाकीत ताक झालं. मासे कोपऱ्यात दडले. पोवळ्याच्या फांद्यांवरचे बारीक केसांसारखे जीव एकेक करून आत ओढले गेले आणि त्यांच्यावर पिठासारखी पूड बसू लागली. बोडीत असं कधी झालं नव्हतं. बोडीत खाली चिखल असतो, तिथलं पाणी खरोखर आंबटतं, आणि ते चुना गिळून टाकतं. इथल्या पाण्याला चुना नकोच होता. ते आधीच भरलेलं होतं.

झामसिंग स्टुलावरच बसले. आदल्या संध्याकाळी तासभर लाईट गेली होती. लाईटमुळे झालं, इन्व्हर्टर बंद पडला, असं सांगता आलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला आणि चांगला दोन मिनिटं राहिला. मग त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी तो उचलला गेला.

त्यांनी सांगितलं. पलीकडे भोंग्यावर कुठलंसं गाणं वाजत होतं.

"आयकून राहिली का?"

"किती टाकला?"

"अर्धी मूठ."

"कोनाची मूठ? तुमची का माही?"

"माही."

"चुना नवा का जुना?"

"मिरगातला. पोतं उघडंच होतं."

"मंग अर्धा मेला असन तो हवेनं," त्या म्हणाल्या. "आता मी सांगतो तसं करा. आपल्या मनचं काही करू नका."

ओरडल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर झामसिंगांना बरं वाटलं असतं.

तळाशी बसलेली पांढरी साय नळीनं ओढून बादलीत काढायची. जितकं पाणी जाईल तितकं निळ्या ड्रममधलं हळूहळू घालायचं. पंप बंद करायचा नाही. आणि मुन्नालालच्या टपरीवरून साधा सोडा आणायचा. गोड नाही, लिंबाचा नाही, साधा. चुन्यानं पाण्याचा पीएच झटक्यात चढतो. सोड्यातला वायू तो खाली आणतो. हे इंद्रकुमारनं आईला कधीकाळी एकदाच सांगितलं होतं आणि आईनं ते लक्षात ठेवलं होतं.

झामसिंग अनवाणीच हायवेवरच्या टपरीकडे धावले. सकाळचे साडेआठ वाजले होते.

"चार साधे सोडे दे."

मुन्नालालनं त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "एवढ्या सकारी, पटलेजी? पावने आले का?"

"तुले काय करायचं? दे लवकर!"

टपरीवर चहा पीत बसलेल्या पाच-सहा जणांनी एकमेकांना कोपर मारलं. गावात ज्यांना कोणी कधी थेंब घेताना पाहिलं नव्हतं, ते पटले चार सोडे काखेत मारून घराकडे पळत गेले, ही बातमी दहाच्या आत गल्लीभर झाली. झामसिंगांना तिची पर्वा नव्हती. ते मोठ्या टाकीखालच्या छोट्या टाकीत, जिथे पंप असतो तिथे, कपाकपानं सोडा सोडत होते. दर पाच मिनिटांनी अर्धा कप. बसमधून सुमित्राबाईंचा फोन येत होता. "आता रंग कसा आहे? दारात जाऊन पाहा, दिव्याखाली नाही." ते नळी घेऊन दारात जात, रंग सांगत आणि पुढचा हुकूम ऐकत. तीस वर्षांत त्यांनी कोणाचं इतकं ऐकलं नव्हतं.

दुपारी दोनला सुमित्राबाई आल्या. पिशवी दारातच ठेवली, मंडईतून आणलेला खाऊ तिच्यातच राहिला. टाकीपाशी जाऊन खाली वाकून बघितलं. पाणी धुरकट होतं, पण आरपार दिसत होतं. मासे जिवंत होते. पोवळं मिटलेलं. दोन फांद्यांची टोकं पांढरी पडली होती.

त्यांनी नळी भरली, दारात गेल्या, थेंब मोजले. साडेपाच. चुना गाळ होऊन बसताना पाण्यातली क्षारता बरोबर घेऊन गेला होता.

"टाक ना दुसरी बाटली," झामसिंग काकुळतीला येऊन म्हणाले. "अर्धी टाकली तं आजच आठ होईन. परवा तो येऊन राहिला."

"नाही."

"अवो, आकडा पाहून नेईन तो!"

"नेईन तं नेईन. दिवसाले एकाच्या वर नाही चढवायचा. तुमी घाई केली, आता मी बी करू का?"

त्या दिवशी त्यांनी तीनदा पाणी बदललं. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजनं पाण्यात हलकी फुंकर मारत फांदीफांदीवरची पूड उडवली. झामसिंग बादली धरून शेजारी उभे. शनिवारी सकाळी सहा पूर्णांक तीन. पोवळं मिटलेलंच.

"वाचन का?" झामसिंगांनी विचारलं.

"मले नाही मालूम."

हे वाक्य तिच्या तोंडून त्यांनी क्वचितच ऐकलं होतं. ते परसात जाऊन बसले. बोडीकडे जायचं होतं, गेले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी खालच्या अंगाच्या एका फांदीवर बारीक केस बाहेर आले. सुमित्राबाईंनी नवऱ्याला हाक मारली. दोघं गुडघ्यावर बसून बराच वेळ ती एक फांदी बघत राहिले.

रविवारी दहाला योगराजची गाडी दारात थांबली. चाळिशीचा, किडकिडीत, चष्मा. त्याच्या हातात थर्माकोलचा डबा होता. केवढा मोठा आहे, हे झामसिंगांनी आधी पाहिलं. पूर्ण गड्डा बसेल एवढा होता. गाडी बघून टेकचंद आत येऊन सोफ्यावर बसले, ओसरीवर आणखी पाच-सात माणसं जमली.

योगराजनं चहा बाजूला ठेवला आणि टाकीसमोर बसला. टॉर्च मारून पाव तास नुसतं बघत राहिला. आधी त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला. आपलं मेलेलं माणूस दुसऱ्याच्या घरात चालताना दिसावं तसा तो बघत होता. मग त्याला पांढरी टोकं दिसली. त्यानं मागच्या काचेवरून बोट फिरवलं, बोटाला पांढरी पूड लागली. उठून कॅलेंडरपाशी गेला आणि पानं मागे उलटत गेला. आठ, आठ, सात पूर्णांक नऊ, आठ पूर्णांक एक. वर्षभराचं पाहिलं. मग पुन्हा पुढे आला. शुक्रवार साडेपाच. शनिवार सहा पूर्णांक तीन. आज सात पूर्णांक एक.

"काकू, शुक्रवारी काय झालं?"

टेकचंद पुढे सरकून बसले.

सुमित्राबाईंनी पदर सारखा केला. "माही चूक झाली," त्या म्हणाल्या. "चुन्याचं माप चुकलं माह्या हातून."

योगराजनं कॅलेंडरचं पान सोडलं. वाईट वाटलेलं दिसत होतं. "होतं असं, काकू. एवढी वर्षं तुम्ही छान सांभाळलं. पण आता हे एकच उरलं आहे. असा हात एकदा घसरला, तर परत घसरू शकतो. नाराज नका होऊ, मी पूर्णच घेऊन जातो."

"तुमचंच आहे," सुमित्राबाई म्हणाल्या. "थांबा, ड्रममधलं पानी देतो. वाटेत लागन."

त्या भांडं आणायला वळल्या. योगराजनं डब्याचं झाकण काढलं.

गप्प राहिले असते तर झामसिंगांचं काहीच बिघडलं नसतं. बायकोनं नवऱ्याची लाज झाकली होती. टेकचंदांसमोर, ओसरीवरच्या माणसांसमोर त्यांचा मान शाबूत होता. पण त्यांचे डोळे त्या कॅलेंडरवर आणि त्यामागे टांगलेल्या जुन्या कॅलेंडरांवर होते. तीन वर्षं, हजारावर चौकोन, प्रत्येकात त्याच बारीक अक्षरातला आकडा. स्वतःला ताप असताना लिहिलेले, नात्यातल्या पोरींच्या लग्नांच्या धावपळीत लिहिलेले, धान कापणीच्या दिवसांत पहाटे उठून लिहिलेले. एवढ्या सगळ्यावर आता 'हिचा हात घसरतो' असा शिक्का बसणार होता. हे त्यांना सहन होईना. त्यांना स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त बायकोचा अभिमान वाटला.

"थांबा जी!" ते ओरडले.

योगराजचा हात झाकणावरच राहिला.

"खोटं बोलून राहिली ते. तिच्या हातून नाही झालं. तीन वरसांत तिच्या हातून एक थेंब जास्त नाही पडला. ते मंडईले गेली होती. मले म्हने, कशाले हात लावू नका. मी लावला. मी टाकला चुना. अर्धी मूठ, बोडीत फेकतो तसा, या स्टुलावर उभा राहून. मले वाटलं, मले समजते पान्यातलं." त्यांनी कॅलेंडरकडे हात केला. "नाही समजत मले. तिले समजते."

टेकचंदांचं तोंड उघडंच राहिलं. सुमित्राबाई भांडं हातात घेऊन दारात उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे असं बघत होत्या की जणू हा माणूस कुठून आला, याचा अंदाज घेताहेत.

"अर्धी मूठ?" योगराज म्हणाला. "या टाकीत? परवा?"

"हो जी."

योगराज पुन्हा पोवळ्यासमोर खाली बसला. खालच्या चार-पाच फांद्या आता उघडल्या होत्या. "मग हे जिवंत कसं आहे? काकू, तुम्ही काय काय केलं? पहिल्यापासून सांगा."

सुमित्राबाईंनी सांगितलं. साय ओढून काढली. साधा सोडा कपाकपानं दिला. ड्रममधल्या पाण्यानं तीनदा पाणी बदललं. फांद्या झाडल्या. मग दिवसाला एकाच्या आत चढवत आणलं.

"पण तुम्हाला माहीत होतं मी आज येणार," योगराज म्हणाला. "बाटली ओतून शुक्रवारीच आठ करता आलं असतं. मला कळलंही नसतं."

"आकडा तुमाले दाखवायचा होता," सुमित्राबाई म्हणाल्या. "पोवळ्याले तं हळूच पाहिजे होतं ना."

योगराजनं डब्याचं झाकण उचललं आणि परत बंद केलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझं दोन तासांत गेलं, काकू," तो म्हणाला. "मी समोर उभा असताना. मला सुचलंच नाही काही." मग त्यानं खिशातून छोटी कातर काढली आणि दांडा सुमित्राबाईंकडे करून पुढे धरली. "एक फांदी द्या. तुमच्या हातानं. बाकी हे इथंच राहू द्या. माझ्याकडचं पुन्हा गेलं, तर मी परत तुमच्याच दारात येईन."

सुमित्राबाईंनी हात पुसले. टाकीत कोपरापर्यंत हात घातला, मागच्या बाजूची एक चांगली उघडलेली फांदी निवडली आणि कट्कन तोडली. चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आता तो सोड्याचा भाग परत सांगा," योगराज म्हणाला. त्यानं वही काढून मांडीवर घेतली होती. "किती लिटरला किती?"

झामसिंग ओसरीवर आले. बाहेरची माणसं उठून उभी राहिली.

"काय झालं जी? नेलन का?" कोणीतरी विचारलं. "इंद्रकुमारची माय काय म्हनते?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची त्यांच्या घरी रीत नव्हती आणि झामसिंगांनी ते एकदाही घेतलं नव्हतं.

"चूप बसा जरा," ते म्हणाले. "सुमित्राबाई सांगून राहिली. नागपूरवाला लिहून घेऊन राहिला."